पदवीस्तरावरील लघुप्रबंध आणि मार्गदर्शकाचे दायित्व

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ सालातील दोन निर्णयांचा एकत्रित विचार मराठी विभागांतून व्हावयास हवा तसा झालेला नाही. त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये पीएच.डी.विषयक नव्या नियमावलीने एम.फिल. ही पदवी बंद केली. आणि डिसेंबरमध्ये चार वर्षांच्या पदवीची चौकट जाहीर होऊन ‘संशोधनासह ऑनर्स’ घेणाऱ्या विद्यार्थ्यासाठी अखेरच्या वर्षी १२ श्रेयांकांचा लघुप्रबंध आला. संशोधनाची जी उमेदवारी एम.ए.नंतर होत असे, ती आता विशी नुकतीच ओलांडलेल्या विद्यार्थ्याकडून अपेक्षिली जात आहे. महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत या रचनेचा आरंभ २०२४-२५ मध्ये झाला; त्या तुकडीचे चौथे वर्ष २०२७-२८ चे होय.

‘पदवीच्या विद्यार्थ्याला संशोधन कसे जमणार?’ हा आक्षेप अनेकदा घेतला जातो. त्यात तथ्य आहे, परंतु ते अर्धेच. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळविणे ही पात्रतेची अट आहे. मात्र असे गुण विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे देऊन मिळतात; लघुप्रबंधात प्रश्नच स्वतः शोधावा लागतो. या दोहोंमधील अंतर विद्यार्थी एकट्याने ओलांडू शकत नाही, आणि मार्गदर्शकाचे प्रयोजन नेमके तेथेच आहे. नवीन सिद्धान्ताची अपेक्षा या स्तरावर करणे अनाठायी होय. एक संहिता बारकाईने वाचावी, मत आणि पुरावा यांतील भेद ओळखावा, इतरांचे ऋण प्रामाणिकपणे नोंदवावे, एवढे साधले तरी पुरेसे आहे.

याचा प्रारंभ विषयनिवडीपासून होतो. ‘दलित आत्मकथनांतील स्त्रीजीवन’ हा विषय एका वर्षात पेलणारा नाही. अशा विषयाची परिणती कथानकांच्या सारांशात होते. त्याऐवजी बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमचं’ (१९८६) आणि ऊर्मिला पवार यांचे ‘आयदान’ (२००३) या दोनच पुस्तकांतील श्रमाची वर्णने तपासावयास सांगितली, तर विद्यार्थ्याला प्रत्येक विधानासाठी संहितेकडे परत जावे लागते. विषय लहान केल्याने अभ्यास उथळ होत नाही. उलट त्याला खोली येते.

दुसरी बाब साधनांची. शं. ग. दाते यांची १८०० ते १९५० या काळातील ग्रंथसूची हाताळल्यावाचून मराठीचा पदवीधर बाहेर पडतो, याचा दोष त्याच्या माथी मारता येणार नाही. सूची कशी पाहावी, नोंदपत्र कसे करावे, पहिली आवृत्ती कोणती व हाती असलेली कोणती, हे ग्रंथालयात शेजारी बसूनच शिकवावे लागते. तालुक्याच्या गावी संदर्भग्रंथ नसतील, तर उपलब्ध साधनांवर उभा राहणारा विषय सुचविणे हेही मार्गदर्शकाचेच काम आहे.

तिसरी बाब लेखनाची. बहुतेक ठिकाणी संपूर्ण लेखन अखेरच्या पंधरवड्यात मार्गदर्शकापुढे येते. तेव्हा सुधारणेला अवकाश नसतो; उरते ती स्वाक्षरी. उचलेगिरीचा उगमही पुष्कळदा येथेच असतो. घाबरलेला विद्यार्थी दुसऱ्याचे परिच्छेद उतरवितो किंवा यंत्राकडून लिहवून घेतो. त्याला केवळ नियमांचा धाक दाखवून भागत नाही. पहिल्या दोन महिन्यांतच पाच पाने लिहवून घ्यावीत, ती आठवडाभरात वाचून लेखी शेरे द्यावेत, आणि पुढील भेटीची तारीख ठरवावी. ज्याचे कच्चे लेखन नियमित वाचले जाते, त्याला उसने लेखन आणण्याचा मोह कमी होतो. मात्र शेरा आणि पुनर्लेखन यांतील सीमा मार्गदर्शकानेही पाळली पाहिजे. विद्यार्थ्याची वाक्ये स्वतः लिहून देणे हे साहाय्य नसून शिकण्याची संधी हिरावून घेणे होय.

हे सारे वेळ मागते. तासिकांच्या कार्यभारात लघुप्रबंधाच्या भेटी व वाचन यांची रीतसर गणना झाली नाही, तर सर्वांत तत्पर अध्यापकही अखेर स्वाक्षरीपुरताच उरेल. ही मागणी विभागांनी आताच, एकमुखाने करावयास हवी. अन्यथा एम.फिल.च्या काळात काही ठिकाणी रूढ झालेले बांधीव, न वाचलेले लघुप्रबंध कपाटांत पुन्हा साठतील. फरक एवढाच, की त्यांवर नाव अधिक कोवळ्या वयाच्या विद्यार्थ्याचे असेल.