वीस डॉलरची मर्यादा आणि एक तऱ्हेवाईक सहकारी

थँक्सगिव्हिंगची सुट्टी संपून ऑफिस सुरू झाले की एक ईमेल हमखास येते: यंदाही सीक्रेट सांता करायचा आहे, खर्चाची मर्यादा २० डॉलर, आणि आपल्या वाट्याला कोण आले हे कोणालाही सांगायचे नाही. चिठ्ठी उघडावी, तर नेमके अशा माणसाचे नाव निघते की ज्याच्याशी दोन वर्षांत 'गुड मॉर्निंग'च्या पुढे आपली गाडी गेलेली नाही. प्रत्येक गटात असा एक तरी तऱ्हेवाईक माणूस असतोच. कोणी बारा महिने अर्ध्या चड्डीत येतो, कोणी टेबलावर रबरी बदकांची फौज मांडतो, कोणी वर्षानुवर्षे रोज तेच सँडविच खातो. अशा माणसाला वीस डॉलरमध्ये द्यावे तरी काय?

मग शनिवारी कोणाकडे तरी पॉटलक असते. तिथे हा प्रश्न निघतो आणि आपल्या मंडळींचे उत्तर ठरलेले असते: "वीसमध्ये काय येते हो हल्ली? पस्तीस-चाळीसचे काहीतरी घेऊन टाका. बरे दिसते." या 'बरे दिसते'ला माझा विरोध आहे. हे पान आरोग्याचे आणि पैशाचे आहे, तेव्हा दोन्ही बाजूंनी विचार करू.

आधी पैसा. मर्यादा मुळात असते कशासाठी? गटात सगळ्यांची मिळकत सारखी नसते. कोणी नुकताच पदवी घेऊन आलेला, शैक्षणिक कर्जाचे हप्ते फेडत असतो. कोणी कंत्राटावर असतो आणि त्याला जानेवारीत काम राहील की नाही याची खात्री नसते. आपल्यातल्याच एखाद्या घरात जोडीदाराच्या वर्क परमिटची वाट पाहत एका पगारात सगळे चाललेले असते. वीस डॉलरचा आकडा या सगळ्यांना एका पातळीवर आणतो. त्यात एकाने चाळीसची वस्तू आणली, की ती घेणारा संकोचतो, नियम पाळणाऱ्या बाकीच्यांची भेट उगाच फिकी पडते आणि पुढच्या वर्षी सगळेच पंचवीस-तीसवर जातात.

ही गोष्ट आपल्याला कोणी नव्याने शिकवायला नको. आहेराची वही आपल्याच घरात असते. अमक्यांनी एकावन्न घातले होते, तर त्यांच्या मुलीच्या लग्नात आपण एकशे एक घालायचे, हा हिशेब आपल्या आईवडिलांनी आयुष्यभर सांभाळला. शेवटी लोक इतके कंटाळले, की पत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' अशी ओळ छापावी लागली. सीक्रेट सांताची मर्यादा म्हणजे त्याच ओळीची धाकटी बहीण आहे. ती ओलांडण्यात मला औदार्य दिसत नाही. त्यामागे बहुतेक वेळा एक भीती असते, 'इंडियन लोक चिक्कू असतात' असे कोणी म्हणेल याची. परक्या देशात ती भीती समजण्यासारखी आहे, पण तिच्यापायी पैसे खर्च करणे शहाणपणाचे नाही.

हिशेबच मांडू. नवरा-बायको दोघांची ऑफिसे, दोन मुलांचे शिक्षक आणि मित्रमंडळींचा एक गट, अशा पाच भेटी धरल्या तर वीसप्रमाणे १०० डॉलर होतात. प्रत्येक भेट 'बरे दिसते' म्हणून ३५ वर नेली तर १७५ होतात. वरचे ७५ डॉलर कोणाच्या लक्षातही राहत नाहीत. फ्रिस्कोत विक्रीकर ८.२५ टक्के आहे. कर धरून वीसमध्ये बसवायचे असेल, तर वस्तूची किंमत १८.४७ डॉलरपर्यंत हवी. सरकारी नियमही भेटींच्या बाबतीत छोट्याच आकड्यांवर चालतात. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला आपल्या साहेबाला प्रसंगोपात्त भेट द्यायची असेल, तर वस्तू १० डॉलरच्या आतली असावी लागते. व्यवसायातल्या भेटींवर करात जी वजावट मिळते, ती माणशी वर्षाला २५ डॉलर एवढीच आहे, आणि हा आकडा १९६२ पासून बदललेला नाही.

महाग भेट दिल्याने माणूस जास्त खूश होतो का? फ्रान्सिस फ्लिन आणि गॅब्रिएल अ‍ॅडम्स या दोन संशोधकांनी २००९ साली याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात साखरपुड्याच्या अंगठ्यांपासून वाढदिवसाच्या भेटींपर्यंत सगळे होते. देणाऱ्यांना वाटत होते की किंमत जितकी जास्त तितका आनंद मोठा. घेणाऱ्यांच्या उत्तरांत मात्र किंमत आणि आनंद यांचा तसा संबंध दिसला नाही.

काही मंडळी दुसऱ्या टोकाला जाऊन म्हणतील, "मग हा खेळच कशाला? ज्याचे त्याने वीस डॉलर खिशात ठेवावेत." याही मताला शास्त्राधार आहे. जोएल वॉल्डफोगेल या अर्थशास्त्रज्ञाने १९९३ साली नाताळच्या भेटींवर एक निबंध लिहिला. मिळालेल्या वस्तूंची तुमच्या दृष्टीने किंमत काय, असे त्याने विद्यार्थ्यांना विचारले. देणाऱ्याच्या खर्चापेक्षा ती एक दशांश ते एक तृतीयांश कमी भरली. परंतु वस्तूमागची भावना सोडून किंमत सांगा, अशी अट त्या प्रश्नातच होती. भावना वगळून काढलेल्या हिशेबात तोटा दिसणारच. शिवाय वीसची मर्यादा पाळली, तर एक तृतीयांशाने होणारा तोटा सहा-सात डॉलरवर थांबतो. दोन वर्षे शेजारी बसलेल्या माणसाची ओळख व्हायला तेवढी किंमत मला जड वाटत नाही.

आता निवड कशी करावी, याचे एक उदाहरण देतो. आमच्या गटात एक ज्येष्ठ अमेरिकन सहकारी आहेत. फारसे बोलत नाहीत. सगळी आखणी आलेखाच्या कागदावर पेन्सिलने करतात. दुपारी डबा घेऊन रुळाच्या बाजूच्या खिडकीशी बसतात आणि मालगाडी आली की डबे मोजून खिशातल्या वहीत आकडा लिहितात. बाकीचे त्यावर हसतात. आपल्या गावाला फ्रिस्को हे नाव पडले तेच मुळी सेंट लुइस-सॅन फ्रान्सिस्को रेल्वेवरून. ती कंपनी १९८० साली बर्लिंग्टन नॉर्दर्नमध्ये विलीन झाली आणि त्या रुळांवर आज बीएनएसएफच्या गाड्या धावतात. ही माहिती मला त्यांच्याकडूनच मिळाली. चिठ्ठीत त्यांचे नाव आल्यावर मी दोन आठवडे दुपारी त्याच खिडकीशी बसलो होतो.

मुंबईला कॉलेजात असताना लोकलची कूपने मिळत. यंत्रात घातले की त्यावर स्टेशनचे नाव, तारीख आणि वेळ छापून येई. रेल्वेने ती पुढे बंद केली. माझ्या एका जुन्या पुस्तकात दादरचा शिक्का असलेले कूपन खूण म्हणून राहिले होते. एक साधी चौकट आणली, त्यात ते कूपन बसवले आणि खाली चार ओळींत ते कसे वापरत हे लिहिले. जोडीला खिशात मावेल अशी वही आणि पेन्सिलीची शिसे. सगळे मिळून कर धरून १४ डॉलर झाले. त्यांनी ते उघडले आणि पहिला प्रश्न विचारला, "या गाडीला डबे किती?" मी म्हटले, नऊ किंवा बारा. त्यांनी तिथल्या तिथे ते नव्या वहीत लिहून घेतले. आज कामात कुठे अडलो तर मी त्यांच्या टेबलाशी बिनदिक्कत जातो. चौदा डॉलरने हे घडले असे मी म्हणत नाही, त्याआधीच्या दोन आठवड्यांनी घडले.

वीस डॉलरवरून लॅरी स्टुअर्ट यांची आठवण होते. १९७१ साली मिसिसिपी राज्यातल्या ह्यूस्टन या छोट्या गावात ते कफल्लक अवस्थेत एका खाणावळीत जेवले. पैसे नाहीत हे मालक टेड हॉर्न यांनी ओळखले. त्यांनी वीस डॉलरची नोट जमिनीवरून उचलल्याचे नाटक केले आणि 'ही तुमचीच पडलेली दिसते' म्हणून हातात दिली. पुढे स्टुअर्ट कॅन्सस सिटीत श्रीमंत झाले आणि १९७९ पासून दर नाताळात अनोळखी गरजूंना नाव न सांगता पैसे वाटू लागले. लोक त्यांना सीक्रेट सांताच म्हणत. आजारपणामुळे २००६ साली त्यांनी आपले नाव उघड केले आणि २००७ च्या जानेवारीत ते गेले. समोरच्याला काय हवे आहे हे ओळखावे आणि त्याला संकोच वाटू देऊ नये, एवढेच टेड हॉर्न यांनी केले होते. ऑफिसातल्या भेटीलाही हीच कसोटी लावावी.

आता आरोग्याचे. आपला हात सहज घरच्या फराळाकडे जातो. चिवडा, चिक्की, बाकरवडी, तिळाच्या वड्या द्याव्यात, स्वस्तही पडतात आणि आपलेपणाही वाटतो. परंतु अमेरिकेच्या कायद्याने अ‍ॅलर्जीचे जे नऊ मुख्य पदार्थ ठरवले आहेत, त्यांत दूध, अंडी, मासे, कवचाचे मासे, झाडावरचा सुकामेवा, शेंगदाणे, गहू, सोयाबीन आणि तीळ येतात. तीळ या यादीत १ जानेवारी २०२३ पासून आला. म्हणजे आपला जवळजवळ सगळा फराळ त्यात बसतो. खाण्याचे द्यायचे असेल तर आधी कोणाकडून तरी चौकशी करावी आणि डब्यावर घटकांची यादी स्वच्छ अक्षरात लिहावी. उग्र वासाच्या मेणबत्त्यांनी दमेकऱ्याला आणि अर्धशिशी असणाऱ्याला त्रास होतो. दारूची बाटली तर देऊच नये. कोणी मोठ्या कष्टाने ती सोडलेली असते आणि ते आपल्याला माहीत नसते. भारतातून आणलेली भांडी देतानाही जपावे. काही भारतीय बनावटीच्या धातूच्या भांड्यांतून अन्नात शिसे उतरू शकते, असा इशारा एफडीएने २०२५ साली दिला आहे.

आणखी दोन-तीन पथ्ये सांगतो. ज्या सवयीबद्दल तो माणूस स्वतः आनंदाने बोलतो, तिच्यावरूनच भेट निवडावी. ज्यावरून इतर त्याच्या पाठीमागे हसतात, ती गोष्ट दहा जणांपुढे कागदातून बाहेर काढायला लावू नये. वजन, वय, टक्कल यांवरच्या गमतीच्या वस्तूही त्यातच आल्या. गणपतीची छोटी मूर्ती आपण मोठ्या श्रद्धेने देतो, पण घेणाऱ्याला ती कुठे ठेवावी हे कळत नाही, आणि पुढे ती गराज सेलमध्ये दिसली तर वाईट आपल्यालाच वाटते. काहीच सुचले नाही तर गिफ्ट कार्ड देण्यात कमीपणा नाही. ते घेताना विक्रीकर लागत नाही आणि केंद्राच्या कायद्याप्रमाणे त्यातले पैसे निदान पाच वर्षे चालतात. मात्र सोबत स्वतःच्या हाताने दोन ओळी लिहाव्यात.

संक्रांतीच्या हळदीकुंकवात आपल्या आया-आज्या वाण लुटत. गाळणी, वाटी, फणी असे काहीतरी, पण रोज उपयोगी पडणारे आणि सगळ्यांना सारखे. त्यात कोणी कोणावर मात करत नसे, आणि ती वाटी वर्षानुवर्षे वापरात राहत असे. आपली मुले येथे वाढताना आपण भेट कशी निवडतो हे पाहत असतात. 'कितीचे आणले?' हा प्रश्न त्यांच्या कानावर आधी पडावा की 'त्यांना काय आवडते?' हा, ते आपल्या हातात आहे. तेव्हा यंदा खरेदीची यादी करताना आधी माणसाचे नाव लिहावे, त्याच्यापुढे त्याच्याबद्दल आपल्याला ठाऊक असलेल्या तीन गोष्टी लिहाव्यात आणि मगच दुकानात जावे. तीन गोष्टी सुचत नसतील, तर डबा घेऊन दोन दिवस त्याच्या शेजारी बसावे. त्याला तर एक पैसाही लागत नाही.