फोटो आपल्या शिवारातला हवा

पानाचा फोटो बघून रोग ओळखणारी प्रणाली हा अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांत आता नवा विषय राहिलेला नाही. विषय चांगलाच आहे. माझी तक्रार आहे ती पानांबद्दल.

अशा प्रकल्पांत फार वापरला जाणारा फोटोंचा संच म्हणजे ‘प्लांटव्हिलेज’. त्यात १४ पिकांचे सुमारे ५४ हजार फोटो आहेत. टोमॅटो आहे, बटाटा आहे, सफरचंद आहे, ब्लूबेरीसुद्धा आहे. ऊस नाही, भातही नाही. म्हणजे कोल्हापूर जिल्ह्याची दोन मुख्य पिकंच त्यातून गायब! शिवाय यातली पानं तोडून, साध्या पृष्ठभागावर ठेवून टिपलेली. याच संचावर २०१६ मध्ये मोहंती, ह्यूजेस आणि सालाथे यांनी ९९.३५ टक्के अचूकता मिळवली. तो आकडा सगळीकडे सांगितला जातो. बाहेरचे, वेगळ्या परिस्थितीत काढलेले फोटो दिल्यावर तीच अचूकता ३१ टक्क्यांच्या आसपास आली, हेही त्यांनी त्याच निबंधात प्रामाणिकपणे लिहिलं आहे. ते मात्र क्वचितच कुणी सांगतं.

उसाचंच घ्या. पान पिवळं-पांढरं पडलं तर तो लोहाच्या कमतरतेचा केवडा असू शकतो किंवा गवताळ वाढ. केवड्यावर फेरस सल्फेटची फवारणी चालते. गवताळ वाढीवर औषध नाही, ते बेटच उपटून काढावं लागतं. हा फरक एका पानाच्या फोटोत नीट दिसत नाही. बुडक्यातून गवतासारखे बारीक फुटवे आलेत का, हे बघायला अख्खं बेट फोटोत यावं लागतं. पोक्का बोईंग हा रोग पावसाळ्यात येतो, तेव्हा आभाळ भरलेलं आणि पोंग्यातली पानं ओली असतात. तसे फोटो परक्या संचात कुठून मिळणार?

वैद्यकातही तेच. हृदयाच्या ठोक्यांवरचं आपलं बरंच संशोधन अजून बोस्टनमधल्या ४७ जणांच्या ईसीजीवर चालतं, तेही १९७५ ते १९७९ या काळात नोंदवलेल्या. शिकायला तो संच उत्तमच. पण आपल्याकडचा रुग्ण, आपल्याकडचं यंत्र यांची परीक्षा त्यावर होत नाही.

आणि आपला संच तयार करण्याचं काम मोठ्या शहरांतच होतं असंही नाही. नांदेडच्या श्री गुरू गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्थेतल्या मनेश कोकरे आणि सहकाऱ्यांनी तिथल्याच एका नेत्र रुग्णालयातले डोळ्यांच्या पडद्याचे ५१६ फोटो घेऊन मधुमेहामुळे होणाऱ्या पडद्याच्या विकाराचा संच तयार केला. त्यातल्या ८१ फोटोंवर तर एकेक डाग आखून दिला आहे. २०१८ मध्ये त्यावर आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली आणि जगभरचे संशोधक आजही तो वापरतात. फोटो फक्त ५१६! पण प्रत्येकामागे जाणत्याची नजर आहे. मला मराठी अभियांत्रिकीतलं हे फार मोलाचं काम वाटतं.

मग कोल्हापुरात का नको? कसबा बावड्यात अभियांत्रिकी महाविद्यालय आहे आणि राजाराम साखर कारखानाही. कारखान्यांचे चिटबॉय उसाच्या नोंदीसाठी प्लॉटवर जातातच. त्यांच्या मोबाइलमधून बेटाचा फोटो, जात, लागण की खोडवा, तारीख एवढं आलं आणि रोगाचं नाव प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी ठरवलं, तर दोन-तीन हंगामांत सगळ्या ऊसपट्ट्याला उपयोगी पडेल असा संच उभा राहील. सीपीआर रुग्णालयातल्या ईसीजीचंही तसंच करता येईल. नावं काढून, रुग्णाची संमती आणि नैतिकता समितीची परवानगी घेऊन. एक पथ्य पाळावं लागेल: एकाच बेटाचे किंवा एकाच रुग्णाचे काही नमुने शिकवायला आणि काही तपासायला वापरायचे नाहीत. नाहीतर यंत्र ओळखीचाच चेहरा ओळखतं आणि आकडा फुगतो.

यात वेळ जातो, चिखल तुडवावा लागतो, आणि प्रकल्पाच्या गुणपत्रिकेत त्याला रकाना नसतो. शिवाजी विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाने तो रकाना आधी तयार करावा, आणि शिवारातून गोळा केलेल्या, तज्ज्ञाने तपासलेल्या नमुन्यांना प्रणालीइतकेच गुण द्यावेत.