एफ/११ला नाक मुरडण्याआधी

लेन्सच्या कडेवर छापलेला आकडा वाचून माणसाची पत ठरवायची, ही रीत आपल्या फोटोग्राफीच्या जगात जुनी आहे. होडीत शेजारी बसलेल्याच्या मांडीवर काय आहे ते आधी बघायचं आणि मग नमस्कार करायचा. ‘टू पॉइंट एट’ असेल तर आवाजात आपोआप अदब येते. ‘फाइव्ह पॉइंट सिक्स’शी बरोबरीनं बोलणं होतं. ‘सिक्स पॉइंट थ्री’ म्हणजे होतकरू, शिकेल हळूहळू. आणि कुणी ‘इलेव्हन’ म्हणालं, तर त्याला किराणा दुकानातून लेन्स आणल्यासारखं वागवलं जातं.

दिवाळी उरकली की भिगवणच्या होडीवाल्यांना फोन सुरू होतात, आणि त्याच सुमारास या सदराकडे एक ठरावीक प्रश्न येऊ लागतो. मिररलेस कॅमेरा घेतला, किट लेन्सवर घरातली सगळी माणसं टिपून झाली, आता पक्ष्यांसाठी लांब लेन्स कुठली घेऊ? विचारणारा बहुतेक वेळा आपलं उत्तर ठरवूनच आलेला असतो. एफचा आकडा जितका लहान मिळेल तितका, भले कर्ज काढावं लागो. यंदा त्याला उलट्या बाजूनं उत्तर देतो. आधी एफ/११ची लेन्स भाड्यानं आणा, एक दिवस वापरा, मग बोलू.

जुलै २०२०मध्ये कॅननने आर५ आणि आर६ या कॅमेऱ्यांबरोबर ६०० मिमी एफ/११ आणि ८०० मिमी एफ/११ अशा दोन लेन्स आणल्या, तेव्हा पुष्कळांना ती थट्टाच वाटली होती. या लेन्सना अ‍ॅपर्चरच्या पाकळ्याच नाहीत. भोक एकच, कायमचं एफ/११. मोठं करता येत नाही आणि लहानही करता येत नाही. नळी आत सरकवून ठेवायची, वापरताना बाहेर ओढून कडं फिरवून पक्की करायची. ८००चं वजन १२६० ग्रॅम आणि अमेरिकेतली तेव्हाची किंमत ८९९ डॉलर. कॅननचीच जुनी ८०० मिमी एफ/५.६ साडेचार किलोची होती, आणि तिच्या किमतीत एखादी बरी मोटारगाडी आली असती.

एफ/२.८ची भक्ती मुळात वेडेपणाची नव्हती. फिल्मच्या दिवसांत तिच्यामागे रोकडा हिशोब होता. कोडाक्रोम ६४ भरलेल्या कॅमेऱ्यात लख्ख उन्हात एफ/१६ला शटर मिळायचं सुमारे १/६४. एफ/५.६ला ते १/५००वर जायचं, आणि उडत्या पक्ष्याचे पंख गोठवायला १/२००० हवं असेल तर थेट एफ/२.८ गाठावं लागायचं. भर दुपारी हे, मग सकाळ-संध्याकाळची गोष्टच सोडा. त्यात आरशाच्या कॅमेऱ्यातलं दृश्य काचेतून जसंच्या तसं डोळ्यापर्यंत यायचं. लेन्स अंधारी असली की व्ह्यूफाइंडरही अंधारा.

तिसरी अडचण ऑटोफोकसची. डीएसएलआरमध्ये फोकसचा वेगळा सेन्सर आरशाच्या खाली बसवलेला असतो. लेन्सच्या दोन कडांकडून येणारी किरणं ताडून तो अंतर ठरवतो, आणि त्या कडा किती लांब असाव्यात हे त्याच्या रचनेतच बांधलेलं असतं. बहुतेक कॅमेऱ्यांत ही मर्यादा एफ/५.६ होती, वरच्या दर्जाच्या काही बॉडींत एफ/८. त्यापलीकडे सेन्सरला कडाच दिसेनात, मग फोकस कशाचा होणार? थोडक्यात, एफ/११ची ऑटोफोकस लेन्स तेव्हा कुणी काढली असती तरी ती लावायला कॅमेरा नव्हता.

मिररलेसमध्ये हे सगळंच बदललं. फोकसचे बिंदू आता चित्र टिपणाऱ्या सेन्सरवरच बसलेले आहेत. ८०० एफ/११ला दुप्पट करणारा एक्स्टेंडर लावला तर ती १६०० एफ/२२ होते, आणि तरीही कॅमेरा फोकस करतो. व्ह्यूफाइंडर म्हणजे छोटा पडदाच असल्यामुळे अंधारी लेन्स लावली की तो स्वतः उजेड वाढवून दाखवतो. आणि आयएसओ १६०० किंवा ३२०० हे आकडे आता कुणी घाबरून उच्चारत नाही. गेल्या काही वर्षांत आलेल्या नॉइज काढणाऱ्या सॉफ्टवेअरांनी उरलीसुरली भीतीही बरीच घालवली आहे.

थोडं गणित करू. कंटाळा येत असेल तर कॉफी घेऊन या, पण हा भाग सोडू नका, कारण सगळी मेख इथेच आहे.

एफचा आकडा म्हणजे काय? लेन्सची फोकल लांबी, म्हणजे तो मिमीचा आकडा, भागिले तिच्या झरोक्याची रुंदी. झरोका म्हणजे समोरून लेन्समध्ये पाहिलं की प्रकाश आत जाणारं जे भोक दिसतं ते. मग उलटा भागाकार करा. २०० मिमी एफ/२.८ या लेन्सचा झरोका येतो ७१ मिमी. लग्नाच्या फोटोग्राफरपासून मंत्र्याच्या सभेतल्या छायाचित्रकारापर्यंत सगळे जी ७०-२०० मिरवतात, तीच ही. आता ४०० एफ/५.६ घ्या. झरोका पुन्हा ७१. आणि आपली बदनाम ८०० एफ/११? जवळपास ७३.

होडी एकाच जागी उभी आहे, समोर एकच चित्रबलाक आहे, शटरही तेच आहे. अशा वेळी त्या पक्ष्याकडून येणारा किती प्रकाश कॅमेऱ्यात शिरेल, हे झरोक्याच्या आकारावर ठरतं. म्हणजे तिन्ही लेन्स त्या चित्रबलाकाचा सारखाच प्रकाश गोळा करतात. फरक इतकाच, की २००वाली तो प्रकाश सेन्सरच्या एका कोपऱ्यात दाटीनं ओतते आणि ८००वाली अख्ख्या फ्रेमभर पसरते. २००वर काढलेला फोटो पक्षी तितकाच मोठा दिसेपर्यंत कापलात तर फ्रेमचा सोळावा हिस्सा उरतो, म्हणजे २४ मेगापिक्सेलमधून दीड. त्या तुकड्यातला नॉइज आणि ८०० एफ/११वर चौपट-चौपट वाढवलेल्या आयएसओचा नॉइज यांत डाव्या-उजव्याचा फरक. मागच्या बाजूचा धूसरपणाही त्याच झरोक्यावर ठरतो. ‘इलेव्हनवर बोके येत नाही’ म्हणणाऱ्यानं एकदा ८००वर पाण्यामागची झाडी किती विरघळते ते पाहावं.

दूरच्या पक्ष्यासाठी लेन्स घेताना म्हणूनच मी कडेवरचा एफ वाचत नाही, भागाकार करतो. कॅननच्या १००-५०० एफ/७.१चा लांब टोकाला झरोका ७० मिमी, म्हणजे आपल्या अकरावालीच्या पंक्तीतलाच. सोनीची २००-६०० आणि निकॉनची १८०-६००, दोन्ही एफ/६.३ आणि दोन्ही ९५ मिमी. या खरोखर वरच्या. पाऊणपट जादा प्रकाश, पण वजनही दोन किलोच्या घरात. आणि ती राजेशाही ६०० एफ/४? झरोका १५० मिमी. अकरावालीच्या चौपट प्रकाश, म्हणजे पुरते दोन स्टॉप. बाजारात आली तेव्हा कॅननची असो वा सोनीची, किंमत सुमारे १३ हजार डॉलर होती. चौपट प्रकाशासाठी चौदापट पैसे. ज्याचं पोट यावर चालतं त्यानं खुशाल द्यावेत. वर्षातून चार रविवार भिगवणला जाणाऱ्यानं मात्र रात्री झोपताना हा भागाकार एकदा करावा.

भिगवण म्हणजे भीमेवरच्या उजनी धरणाचं मागचं पाणी. पुण्याहून सोलापूर रस्त्यानं शंभरेक किलोमीटर. हिवाळ्यात कुंभारगाव, डिकसळ या बाजूंना रोहित म्हणजे फ्लेमिंगो उतरतात, पट्टकादंब येतात, कुरव तर होडीभोवती रुंजी घालतात. इथल्या उन्हाचा हिशोब अकराच्या बाजूनं आहे. स्वच्छ आकाशात ऊन चढलं की आयएसओ ८००ला एफ/११वर १/१६०० शटर मिळतं. उडत्या सुरयासाठी १/३२०० हवं तर आयएसओ १६००. बस. उथळ पाण्यात शेजारी-शेजारी उभे असलेले दोन रोहित घ्या. २० मीटरवर ८०० मिमीला एफ/५.६ ठेवलं तर फोकसची खोली वीसेक सेंटिमीटर, म्हणजे एकाचा डोळा नेटका आणि दुसरा भूत. एफ/११ला ती दुप्पट होते. त्यातून होडी सतत डुलत असते. ट्रायपॉडचा तिथे काडीचा उपयोग नाही, जे काय ते हातात धरूनच. सव्वा किलोची नळी तासभर धरता येते. तीन किलोची धरणारे दहा मिनिटांत ती मांडीवर ठेवतात, आणि सुरय नेमका अकराव्या मिनिटाला सूर मारतो.

“सर, तुमची नळी हलकी दिसतीय,” एक होडीवाला मला म्हणाला होता. म्हटलं, “हो दादा, स्वस्तातली आहे.” त्यानं होडीच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या भल्यामोठ्या लेन्सकडे हनुवटीनं खूण केली आणि हळूच म्हणाला, “त्यांचा हात दुखाया लागला की होडी माघारी न्यायला लावत्यात.”

आता दुसरी बाजू, कारण सगळीकडे अकराच घ्या असं मी म्हणत नाही. ताडोब्यात पहाटे गेट उघडल्या उघडल्या बांबूच्या सावलीतून वाघ निघाला, तर एफ/११वर आयएसओ २५,०००च्या पुढे पळतो आणि फोटो वाळूच्या कागदासारखा दिसतो. तिथे झरोका मोठाच हवा. शिवाय वाघ जवळ असतो, ८००ची गरजच नसते. आंबोलीच्या पावसात तर ही लेन्स पिशवीतून काढूच नका. एक तर जंगलात उजेड नाही, आणि वर या लेन्सला पाण्यापासून संरक्षण देणारं सीलिंग नाही. कोकणात आणि घाटात दमट हवेनं काचेवर बुरशी धरते, ती साफ करताना कोटिंग जायची भीती, आणि स्वस्त लेन्सच्या दुरुस्तीचा खर्च अनेकदा तिच्या किमतीशी स्पर्धा करतो.

आणखी काही गोष्टी आहेत, त्या दुकानात कुणी सांगेलच असं नाही. आर५, आर६सारख्या बॉडींवर एफ/११च्या या लेन्सना फोकसचं क्षेत्र फ्रेमच्या मधल्या भागापुरतंच मिळतं, आडवं सुमारे ४० टक्के, उभं ६० टक्के. पक्षी कडेला गेला की कॅमेरा हात वर करतो. ८००ला सहा मीटरच्या आतलं काही दिसत नाही, त्यामुळे बागेतल्या शिंजिराचा नाद सोडावा. आणि बारीक पिक्सेलच्या सेन्सरवर एफ/११चं डिफ्रॅक्शन जाणवतं. प्रकाशाचा ठिपका या झरोक्यातून सेन्सरवर १५ मायक्रॉनपर्यंत पसरतो. २० ते २४ मेगापिक्सेलच्या फुलफ्रेमचा पिक्सेल साधारण सहा मायक्रॉनचा असतो, तिथे हे खपून जातं. कॅननच्या छोट्या सेन्सरच्या आर७चा पिक्सेल ३.२ मायक्रॉनचा. त्या बॉडीवर ८००ची १२८० होते याचा आनंद व्हायच्या आत पिसांचा बारीकपणा गेलेला असतो. आर७वाल्यांनी १००-४०० एफ/५.६-८ बघावी. ६३५ ग्रॅम. झरोका फक्त ५० मिमी आहे, पण गळ्यात अडकवून डोंगर चढता येतो.

हसणारे हसले, कारखान्यांनी मात्र गणित केलं. २०२३च्या अखेरीस कॅननने २००-८०० आणली, लांब टोकाला एफ/९. २०२५च्या फेब्रुवारीत सोनीने ४००-८०० काढली, तिथे एफ/८. या दोन लेन्सवर कुणी विनोद केल्याचं माझ्या कानावर नाही, उलट पैसे भरून वाट पाहणारे भेटले. सोनीच्या माणसाला आता ‘एट’ म्हणताना लाज वाटत नाही, आणि दोन वर्षांनी हाच माणूस ‘एट असल्याशिवाय पक्षी घेऊच नयेत’ असं सांगेल अशी माझी खात्री आहे.

कॅननचा माउंट असेल तर या हिवाळ्यात शक्यतो मधल्या वारी ८००ची अकरावाली भाड्यानं घ्या, शनिवार-रविवारी कुणी ना कुणी आधीच सांगून ठेवलेलं असतं. पहाटे होडीत बसल्यावर पहिला पाऊण तास ती पिशवीतच राहू द्या, किनाऱ्याचे, धुक्याचे, माणसांचे फोटो दुसऱ्या लेन्सनं काढा. आठनंतर बाहेर काढा. दहा-साडेदहाला पाण्यावरची हवा उकळायला लागली की आवरा, कारण त्या थरथरत्या हवेतून एफ/४लाही पीस दिसत नाही. फोटो घरच्या मोठ्या पडद्यावर शंभर टक्क्यांवर ताणून बघू नका, बारा बाय अठराचा एक प्रिंट काढा. आणि हो, नळी पुरती बाहेर ओढून कडं फिरवायला विसरू नका. नाहीतर कॅमेरा फोटो घेणार नाही, आणि तुम्ही लेन्स बंद पडली म्हणून दुकानदाराला फोन लावाल.