प्लीज फिक्स!

'मुलगा बँकेत आहे' म्हटलं की आपल्याकडे लग्नाच्या बाजारात भाव एकदम वधारतो. कारण बँक म्हणजे संध्याकाळी वेळेत घरी, सणासुदीला सुट्टी आणि होम लोन स्वस्तात. मग हळूच कळतं की मुलगा 'इन्व्हेस्टमेंट' बँकेत आहे आणि रात्री दोनला घरी येतो. आमच्या एका काकूंनी मला पासबुक भरून आणायला सांगितलं होतं. त्यांना कसं समजावणार की काकू, आमच्याकडे ना काउंटर, ना कॅश! कंपन्या विकणाऱ्यांना आणि घेणाऱ्यांना सल्ला द्यायचा, आयपीओ आणायचे आणि त्यासाठी रात्र रात्र बसून पॉवरपॉइंट करायचं, हा आमचा धंदा.

बीकेसीतल्या अशाच एका बँकेत मी चार वर्षं काढली. डील्स बऱ्याचशा विसरलो. माणसं मात्र डोक्यात पक्की बसलीयेत.

आधी उतरंड समजून घ्या. सगळ्यात खाली अॅनालिस्ट, मग असोसिएट, व्हीपी, डायरेक्टर आणि वर एमडी. एमडी दिवसभर क्लायंटकडे नाहीतर विमानात. त्यामुळे त्यांचे कॉमेंट्स येतात संध्याकाळी सातला. ते एकेक पायरी उतरत अॅनालिस्टपर्यंत पोचायला साडेनऊ. मेलमध्ये शब्द दोनच, 'प्लीज फिक्स'. म्हणजे गंमत बघा, दुपारी अॅनालिस्ट चक्क क्रिकेटचा स्कोअर बघत बसलेला असतो आणि खरा दिवस सुरू होतो जेवणानंतर!

आमचे व्हीपी अलाइनमेंटचे भक्त. पिचबुकची दोन पानं एकावर एक ठेवून ट्यूबलाइटसमोर धरायचे. लोगो एका मिलिमीटरने जरी सरकलेला दिसला, तरी सगळं पुन्हा. साठ पानांच्या त्या पुस्तकातली क्लायंट बघणार तीन-चार. कंपनीची किंमत किती येते ते पान, आणि आमची फी किती ते पान. पण व्हीपींचं म्हणणं, ज्याला लोगो सरळ लावता येत नाही त्याच्या आकड्यांवर कोण विश्वास ठेवेल? राग यायचा, पण माणूस अगदीच चुकीचा नव्हता.

आणि प्रिंट-रूमचे काका. सावंतवाडीचे, कमी बोलणारे. एकदा पहाटेच्या फ्लाइटसाठी चाळीस कॉप्या बाइंड होत होत्या. काका कव्हरकडे बघून म्हणाले, "साहेब, यांनी लोगो बदलला ना? कलानगरच्या होर्डिंगवर वेगळाय." एमडींपर्यंत सगळ्यांनी पास केलेलं कव्हर! रात्री दीडला काकांनी चाळीसच्या चाळीस स्पायरल सोडवून पुन्हा घातल्या. डील झालं. अशा वेळी सगळ्यांना 'डील टॉय' मिळतो, डेस्कवर ठेवायचा पारदर्शक ठोकळा. टीमला मिळाला, वकिलांना मिळाला. काकांना नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नसेल असं बाकीचे म्हणाले. मला नाही पटत.

आता जरा सीरियस. या रात्रींची किंमत फक्त झोपेत मोजून भागत नाही. २०१३ मध्ये लंडनमध्ये एका मोठ्या बँकेतला एकवीस वर्षांचा इंटर्न सलग जागरणांनंतर मरण पावला. त्याला एपिलेप्सी होती; थकव्यामुळे झटका आला असण्याची शक्यता चौकशीत नोंदली गेली. त्याच वर्षी गोल्डमन सॅक्सने ज्युनिअर्सना शुक्रवारी रात्री नऊ ते रविवारी सकाळी नऊ ऑफिसबंदी केली. तरीही २०२१ मध्ये तिथल्याच तेरा अॅनालिस्टांनी स्वतःचा सर्व्हे काढला. सरासरी आठवडा ९५ तासांचा, झोप पाच तास. आणि हे मांडलं कशात? अगदी पिचबुकसारख्या स्लाइड्समध्ये, चार्ट वगैरे लावून! सवय जात नाही बॉस. २०२४ मध्ये जेपी मॉर्गनने ज्युनिअर्ससाठी आठवड्याला ८० तासांची मर्यादा आणली. मर्यादा म्हणे! आपल्या सरकारी बँकेतल्या मामांचे दोन आठवडे होतात त्यात.

नियम कागदावर राहतात, कारण प्रत्येकाला वाटतं की वरचा आत्ताच वाट बघतोय. आमच्या टीममधली एक असोसिएट तेवढी तसं मानायची नाही. अंधेरीची, शांत आवाजाची, एक्सेलमध्ये सॉलिड. रात्री कॉमेंट्स आले की ती फोन उचलायची आणि अगदी गोड आवाजात विचारायची, "सर, हे आज रात्री कोण वाचणार आहे?" पलीकडे दोन सेकंद शांतता. बहुतेक वेळा उत्तर यायचं, "अं... उद्या अकरापर्यंत चालेल." की ती आम्हाला म्हणायची, "चला, निघा. रिक्षाचं नाइट भाडं लागायच्या आत." खरंच कोणी रात्री वाचणार असेल, तर तीही पहाटेपर्यंत आमच्याबरोबर बसायची. म्हणूनच तिला कोणी 'कामचुकार' म्हणू शकलं नाही.

बोनस खात्यात पडल्यावर तिने राजीनामा दिला. फेअरवेल मेल छान लिहिला होता, चारच ओळींचा, आणि त्यात आभारांच्या यादीत पहिलं नाव प्रिंट-रूमच्या काकांचं. पाच मिनिटांत व्हीपींचा रिप्लाय आला. तिसऱ्या ओळीत एक स्वल्पविराम राहिला होता.