तांब्याचा सांधा

गेल्या पौषातील एका पहाटे, सातारच्या आमच्या घराच्या गच्चीवर पाणी तापविण्याचा जो सोलर आहे, त्याच्या टाकीकडून खाली उतरणाऱ्या तांब्याच्या नळीच्या एका सांध्यातून थेंब थेंब पाणी गळत असल्याचे, आणि त्या गळतीचा हिरवट ओघळ भिंतीवरून खिडकीच्या चौकटीपर्यंत येऊन पोहोचल्याचे माझ्या ध्यानात आले. ज्या कारागिराने हा सांधा दोन वर्षांपूर्वी जोडला होता, त्यास बोलावले. त्याने येऊन गळणाऱ्या जागी ज्योत धरली, वरून कथलाचा आणखी एक थर दिला आणि गळती थांबल्याची ग्वाही देऊन तो गेला. चार दिवसांनी पाणी पुन्हा गळू लागले. असे तीन वेळा झाले, आणि तिसऱ्या खेपेस त्या सांध्यावर कथलाची अशी ओबडधोबड गाठ तयार झाली होती की मूळची नळी कोठे संपते हेही दिसेना.

अशा वेळी विट्याहून माझे मावसभाऊ नाना आले. खानापूर, आटपाडी, तासगाव या दुष्काळी टापूतील माणसे सोन्याचांदीच्या गलाईचे कसब घेऊन हिंदुस्थानभरच्या सराफकट्ट्यांवर गेली, हे सांगली जिल्ह्यातील वाचकांस नव्याने सांगावयास नको. आमचे नाना त्यांपैकीच एक, तीस वर्षे दक्षिणेत मुशीपुढे बसून परतलेले. त्यांनी गच्चीवर येऊन ती गाठ नुसती पाहिली आणि म्हणाले, “आरं, डाग वरनं थापायचा नसतोय. सांध्यानं त्यो आत वढून घ्यायचा असतोय.”

या एका वाक्यात सारा विषय आला, असे मला तेव्हाच वाटले. पण त्याचा खरा अर्थ कळण्यास पुढचे तीन तास जावे लागले.

प्रथम पाणी बंद करून नळी रिकामी केली. नानांनी जुन्या सांध्यावर ज्योत फिरवली, कथील चकाकून हलू लागताच पकडीने नळी ओढून सॉकेटातून बाहेर काढली आणि गरम असतानाच जाड सुती फडक्याने पुसून माझ्यापुढे धरली. नळीच्या टोकाचा वरचा अर्धा भाग रुपेरी होता. खालचा अर्धा भाग मात्र काळाठिक्कर, एखाद्या ग्रहणातल्या चंद्रकोरीसारखा. त्या काळ्या भागास डाग कधी शिवलाच नव्हता. दोन वर्षे पाणी अडले होते ते केवळ कडेच्या एका पातळ पापुद्र्यावर, आणि तिन्ही दुरुस्त्या त्या पापुद्र्यावरच थापल्या गेल्या होत्या.

नंतर त्यांनी पॉलिश पेपर घेतला आणि नळीचे टोक व सॉकेटाची आतली बाजू इतका वेळ घासली की मला त्यांचा हात धरावासा वाटला. काळे गेले, मग तपकिरी गेले, आणि शेवटी तांब्याचा तो कोवळा गुलाबी रंग निघाला, जो नव्या घागरीवर पहिल्या दिवशीच दिसतो. “आता बोट लावू नगंस,” ते म्हणाले. कारण बोटाच्या तेलकटपणानेही तेथे डाग धरत नाही. सोनार टाकणखार वापरतो, कल्हईवाला नवसागर वापरतो, आणि नळजोडणीत डबीतली पेस्ट लावतात. तिन्हींचे प्रयोजन एकच, की तापलेल्या धातूवर पुन्हा काळिमा धरू नये.

येथे एक अडचण उभी राहिली. टाकीकडचा कॉक पुरा बसत नव्हता आणि नळीत पाण्याचा एक बारीक धागा उतरतच होता. एवढ्याशा पाण्याने काय बिघडते, असे मी विचारणार, तोच मला सांगलीचे आजोळ आठवले. तेथील न्हाणीघरात तांब्याचा बंब होता, आणि एके पहाटे कोणीतरी तो न भरताच पेटविला. थोड्याच वेळात त्याची तोटी निखळून पडली आणि डागाचे चकचकीत मणी राखेत सांडले. आजोबांनी तेव्हा समजावले होते की बंबात पाणी असेतोवर त्याचा पत्रा १०० अंशांच्या फारसा वर जात नाही, म्हणून डाग सुरक्षित राहतो. कथील वितळते २३२ अंशांस, शिसे ३२७ अंशांस. मात्र ६३ भाग कथलात ३७ भाग शिसे मिळविले तर ते मिश्रण दोघांच्याही आधी, १८३ अंशांसच वितळते. म्हणजे जे पाणी तयार सांध्याचे रक्षण करते, तेच पाणी नवा सांधा होऊ देत नाही. नळीत थेंब असेल तर सारी उष्णता त्याची वाफ करण्यात खर्च होते, आणि कथील पृष्ठभागावर गोळा होऊन बसते. आमच्या त्या कारागिराचे तिन्ही प्रयत्न असेच वाया गेले असावेत.

नानांनी खालून पाव मागवला. त्याचा गाभा मळून त्यांनी नळीत वरपर्यंत कोंबला. पाणी तेवढ्यापुरते अडले, आणि पुढे तो भिजून नळावाटे आपसूक निघून जातो. मग ज्योत सॉकेटावर धरली, कथलाच्या तारेवर नव्हे. ही तार बिनशिशाची होती, कारण पाण्याच्या नळीत शिसे नसावे हा त्यांचा आग्रह. अमेरिकेत तर १९८६ सालीच पिण्याच्या पाण्याच्या नळांस शिशाचा डाग देण्याची कायद्याने मनाई झाली. ज्योत एका बाजूस असताना त्यांनी तार विरुद्ध बाजूस टेकवली मात्र, आणि ती क्षणात आत गेली. अक्षरशः आत गेली: दिव्याच्या वातीत तेल चढावे तशी ती केसाएवढ्या फटीतून, गुरुत्वाकर्षणाची तमा न बाळगता वरही चढली, आणि सॉकेटाच्या काठाभोवती एक रुपेरी कडे उमटले. इंचभर तार पुरली. ओले फडके लावण्यास पुढे झालेला माझा हात त्यांनी मागे सारला. डाग आपला आपण गोठला पाहिजे, हलला तर आत चिरतो.

पाणी सोडले. प्रथम पावाचा पांढरा लगदा आला, मग स्वच्छ धार. नानांनी सांध्याखालून बोट फिरविले. ते कोरडे होते. मग त्यांनी त्याच नळीवरचे, त्याच कारागिराने जोडलेले उरलेले तीन सांधे दाखवून विचारले, “ह्यांचं काय?” त्यांतून अद्याप थेंबही आला नव्हता. तरी दुसऱ्या दिवशी आम्ही ते तिन्ही उघडले, आणि दोहोंत तीच काळी कोर निघाली.