प्रवेश मिळाला, पहिले सत्र कोण सांभाळणार?

बारावीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांमधून, बुद्धविहारांमधून गुणवंतांचे सत्कार सुरू होतात. शाल, पुष्पगुच्छ, बाबासाहेबांची प्रतिमा, दोन भाषणे आणि टाळ्या. सत्कार झालेच पाहिजेत. पण जुलै-ऑगस्टमध्ये कॉलेजात गेलेले तेच पोर दिवाळीनंतर कोणत्या अवस्थेत आहे, याची चौकशी किती मंडळांनी केली? प्रवेश मिळाला म्हणजे लढाई जिंकली, असे आपण समजून चाललो आहोत. खरी लढाई प्रवेशानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत असते आणि तिथे आपले पोर एकटे असते.

हा प्रश्न आज अधिक गंभीर झाला आहे, कारण पदवीचा साचाच बदलला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार चार वर्षांची ऑनर्स पदवी आली. महाराष्ट्रात ती २०२३-२४ पासून विद्यापीठ विभाग व स्वायत्त महाविद्यालयांत आणि २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत लागू झाली. तीन वर्षे पूर्ण केली तर साधी पदवी, चौथे वर्ष केले तर ऑनर्स. संशोधनासह ऑनर्स हवी असेल तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण लागतात. म्हणजे पहिल्या सत्राचे गुणही त्या हिशेबात धरले जातात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या पीएच.डी. नियमांप्रमाणे चार वर्षांच्या पदवीवर ७५ टक्के गुण असतील तर एम.ए., एम.एस्सी. न करता थेट पीएच.डी.साठी पात्र होता येते. अनुसूचित जाती-जमातींना व इतर मागासवर्गीयांना त्यात पाच टक्क्यांची सवलत आहे. उद्याचा प्राध्यापक, उद्याचा संशोधक या वाटेने घडणार आहे. पण पहिल्याच सत्रात दोन विषयांची एटीकेटी लागली, तर ७५ टक्क्यांचे गणित सुरुवातीलाच बिघडते. पुढे अडीच वर्षे मुलगा ते सावरतच राहतो.

याच साच्यात एक दरवाजा ठेवलेला आहे. त्याचे नाव 'एक्झिट'. एक वर्ष करून बाहेर पडलात तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका. पहिल्या वर्षाचे किमान ४० श्रेयांक आणि वर ४ श्रेयांकांचा व्यवसाय अभ्यासक्रम, एवढे केले की प्रमाणपत्र हाती. तीन वर्षांत परत येता येते आणि सात वर्षांत पदवी पुरी करता येते, असेही नियम सांगतो. कागदावर ही सोय उत्तम आहे. पण बाहेर पडलेला श्रीमंताचा मुलगा परदेशातून परत येईल. बाहेर पडलेला आपला मुलगा गोदामात, सिक्युरिटीच्या गणवेशात किंवा डिलिव्हरीच्या मोटारसायकलवर जाईल. घराला त्याच्या पगाराची सवय लागल्यावर तो परत कसा येणार? पूर्वी जो 'गळाला' म्हणून मोजला जायचा, तो आता 'पर्याय निवडून बाहेर पडला' म्हणून मोजला जाईल. गळती तशीच राहील, फक्त ती आकड्यांत दिसणार नाही.

हा आमचा नुसता संशय नाही. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या उत्तरानुसार पाच वर्षांत केंद्रीय विद्यापीठे, आयआयटी आणि आयआयएममधून अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्गाच्या १३,६०० हून अधिक विद्यार्थ्यांनी शिक्षण सोडले. कारण काय दिले? विद्यार्थ्यांपुढे अनेक पर्याय असतात, ते एका संस्थेतून दुसरीकडे जातात! हे विद्यार्थी गेले की घालवले गेले, हा प्रश्न सरकारला पडला नाही.

पहिल्या सत्रात नेमके घडते काय? मराठी माध्यमातून, आश्रमशाळेतून, जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेला मुलगा मोठ्या शहरात येतो. वर्गात इंग्रजी. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्य अभ्यासक्रम, श्रेयांक ही नवी भाषा. कोणता विषय मायनर घ्यावा हे ज्यांच्या घरी प्राध्यापक आहेत त्यांना जेवताना कळते. आपल्या मुलाला ते नोटीस बोर्डासमोर उभे राहून, मुदत संपत आल्यावर कळते. अंतर्गत गुणांचा मोठा वाटा शिक्षकाच्या हाती असतो, त्यामुळे शंका विचारण्याचीही भीती वाटते. वसतिगृहाची यादी उशिरा लागते, महाडीबीटीवरचा अर्ज त्रुटीत निघतो आणि शिष्यवृत्ती खात्यावर येईपर्यंत सत्र संपलेले असते. त्यात 'कितीला लागला नंबर?' हा साळसूद प्रश्न, ज्याचा खरा अर्थ 'तुझी जात कोणती?' असा असतो.

२००७ साली प्रा. सुखदेव थोरात समितीने दिल्लीच्या एम्सबद्दल जो अहवाल दिला, त्यात हेच नोंदले आहे: वसतिगृहात वेगळे पाडणे, शिक्षकांनी अंतर ठेवणे, परीक्षेच्या वेळी जातीची चौकशी. त्यानंतर २०१६ मध्ये हैदराबादला रोहित वेमुला गेला, २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. १२ फेब्रुवारी २०२३ रोजी मुंबई आयआयटीत दर्शन सोळंकी गेला. तो पहिल्या वर्षाला होता आणि त्याची पहिल्या सत्राची परीक्षा नुकतीच संपली होती. कुटुंबाने जातीय भेदभावाचा आरोप केला. संस्थेच्या अंतर्गत समितीने भेदभावाचा थेट पुरावा नसल्याचे सांगून अभ्यासातील घसरणीकडे बोट दाखवले.

क्षणभर संस्थेचेच म्हणणे खरे धरू. देशातील अत्यंत अवघड परीक्षा पार करून आलेला अठरा वर्षांचा मुलगा अवघ्या काही महिन्यांत अभ्यासात घसरतो. ही घसरण दिसत असताना त्याचा हात धरायला कोण होते? घसरण हे उत्तर म्हणून पुढे करणारी संस्था स्वतःच प्रश्न कबूल करते. मुलाची बुद्धी प्रवेश परीक्षेत सिद्ध झाली होती. पहिल्या सत्रात परीक्षा संस्थेची होती आणि त्यात संस्था नापास झाली.

कायदा काय म्हणतो? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२ च्या समता विनियमांनी प्रत्येक उच्च शिक्षण संस्थेत समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी नेमण्यास सांगितले. रोहित आणि पायल यांच्या मातांनी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात धाव घेतल्यावर नवे, अधिक कडक विनियम जानेवारी २०२६ मध्ये आले. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना स्थगिती दिली आणि २०१२ चे विनियम चालू ठेवण्यास सांगितले. म्हणून 'आता कायदाच नाही' असे सांगणाऱ्या प्राचार्यांवर विश्वास ठेवू नका. शिवाय २०१६ च्या दुरुस्तीनंतर जातीवरून केलेला मानसिक छळ, वाळीत टाकणे हेही रॅगिंगच्या व्याख्येत येते. त्यासाठीची हेल्पलाइन १८००-१८०-५५२२. जातिवाचक अपमानासाठी १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहेच. तक्रार मात्र लेखी करावी, पोच घ्यावी, तारीख जपावी. तोंडी तक्रारीला न्यायालयात पाय नसतात.

पैशांबाबतही तेच. मुझफ्फरनगरच्या एका मजुराच्या मुलाची धनबाद आयआयटीतील जागा १७,५०० रुपये वेळेत भरता आले नाहीत म्हणून गेली होती. ३० सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अनुच्छेद १४२ चा अधिकार वापरून ती परत दिली. पण प्रत्येक पोर दिल्लीपर्यंत पोहोचणार आहे काय? वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला आगाऊ फी न भरता प्रवेश मिळावा, म्हणून केंद्राच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत फ्रीशिप कार्डाची तरतूद आहे. शासकीय वसतिगृह न मिळालेल्यांसाठी २०१६-१७ पासून भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मुंबई-पुणे-नागपूरसारख्या शहरांत तिची रक्कम वर्षाला ६०,००० रुपये ठरवलेली आहे. पण माहिती नसलेला हक्क हा हक्क राहत नाही.

बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा तेही नवखे होते. हार्टले हॉलमधले जेवण मानवले नाही, तिथून ते कॉस्मोपॉलिटन क्लबात आणि पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये गेले. तिथे नवल भथेना हा जिवाला जीव देणारा मित्र मिळाला. बडोद्याची शिष्यवृत्ती, डोक्यावर छप्पर आणि एक सोबती, एवढ्यावर ज्ञानाचा डोंगर उभा राहिला. हे त्यांनी स्वतः भोगले होते. म्हणूनच १९४६ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय काढताना नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी सकाळच्या वर्गांची सोय झाली आणि औरंगाबादला १९५० मध्ये मिलिंद महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा वसतिगृहाचाही विचार झाला. केवळ प्रवेश देऊन ते थांबले नाहीत. मूल टिकेल कसे, याची व्यवस्था त्यांनी उभी केली.

मग आपण काय करायचे? प्रत्येक विहाराने आपल्या भागातून कॉलेजात गेलेल्या मुलामुलींची यादी करावी. जो तृतीय वर्षात आहे त्याच्याकडे प्रथम वर्षाच्या दोघांची जबाबदारी द्यावी. आपल्यातील प्राध्यापक, शिक्षक, बँकवाले, वकील यांनी ऑगस्ट ते डिसेंबर महिन्यातून दोन रविवार द्यावेत: एक इंग्रजी आणि अभ्यासासाठी, दुसरा अर्ज, शिष्यवृत्ती व तक्रारींसाठी. कॉलेजात समान संधी कक्ष आहे का, भेदभावविरोधी अधिकारी कोण, हे माहितीच्या अधिकारात विचारावे. त्याला खर्च दहा रुपये येतो. पहिल्या वर्षानंतर 'एक्झिट' घेण्याचे कुणी मनात आणले, तर सही करण्यापूर्वी चार वडीलधाऱ्यांनी त्याच्या घरी जाऊन बसावे. अडचण पैशाची आहे, इंग्रजीची आहे की छळाची, हे आधी कळू द्यावे.

आणि मुलांनो, पहिल्या सत्रात कमी गुण पडले म्हणून तुम्ही कमी ठरत नाही. वर्गात मागच्या बाकावर बसू नका, न समजलेले विचारा, एटीकेटी लागली तर लपवू नका, घरी सांगा, थोरांना सांगा. तुमची जागा कुणाच्या मेहेरबानीची नाही. ती संविधानाने दिलेली आहे.

पुढच्या जूनमध्ये सत्कार जरूर करा. पण त्याच व्यासपीठावर गेल्या वर्षी सत्कार झालेल्या मुलांची नावे पुकारा आणि त्यांतील किती दुसऱ्या वर्षात पोहोचले ते मोजा. तो आकडा हाच आपल्या चळवळीचा खरा निकाल आहे.