दार उघडं, दार बंद

फिलाडेल्फियात राहणारी माझी मामेबहीण मे २०२३ मध्ये मोठ्या हौसेनं मतदानाला गेली. नागरिकत्व नुकतंच मिळालेलं, निवडणूक महापौरपदाची, आणि चर्चेतल्या उमेदवारांत चक्क तीन बायका पुढे. शहराचा शंभरावा महापौर निवडायचा होता नि आधीचे नव्याण्णवच्या नव्याण्णव पुरुष! केंद्रावर यादीत नाव सापडलं. पण तिला मिळालं काय, तर शहरापुढच्या काही प्रस्तावांवर ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणण्याचा हक्क. महापौराचं मत? ‘तुम्ही पक्ष नोंदवलेला नाही,’ असं उत्तर आलं.

झालं होतं असं, की नावनोंदणीच्या फॉर्मवर पक्षाचा रकाना होता. ‘कशाला उगाच शिक्का मारून घेतेस?’ असं नवरा म्हणाला आणि हिनं ‘कोणताच नाही’वर खूण केली. आपल्याकडे तिकीट कुणाला द्यायचं ते पक्षश्रेष्ठी ठरवतात. अमेरिकेत ते मतदार ठरवतात, प्राथमिक निवडणुकीत, ज्याला तिकडे प्रायमरी म्हणतात. पण पेनसिल्वेनियात ही प्रायमरी ‘बंद’ आहे, म्हणजे पक्षात नाव असेल तरच मत.

‘नोव्हेंबरात देईन की,’ असं ती म्हणाली खरी. पण फिलाडेल्फियात १९५२ पासून महापौर डेमोक्रॅटच आहेत. खरी निवड मे महिन्यातच होते. तिथे शेरेल पार्कर साधारण एक तृतीयांश मतांवर जिंकल्या, दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावरही बायकाच होत्या. पार्करबाई शहराच्या पहिल्या महिला महापौर झाल्या आणि या निवडीत माझ्या बहिणीचा वाटा शून्य.

खरं सांगू? आधी मला ही पद्धत रास्त वाटली होती. आपल्या भिशीची प्रमुख भिशीतल्या बायकाच ठरवणार ना! पलीकडच्या बिल्डिंगमधल्यांनी येऊन मुद्दाम कमकुवत बाई बसवली तर? बंद प्रायमरीचे समर्थक हेच म्हणतात. पण भिशीच्या हॉलचं भाडं अख्ख्या सोसायटीच्या मेंटेनन्समधून जात असेल, तर? प्रायमरीचा खर्च सरकारी तिजोरीतून होतो, आणि त्या तिजोरीत माझ्या बहिणीचाही कर आहे. गॅलपच्या २०२४ च्या पाहणीत ४३ टक्के अमेरिकनांनी स्वतःला ‘अपक्ष’ म्हटलं. एवढ्यांना उंबऱ्याबाहेर ठेवायचं?

मला त्याहून खटकतं ते वेगळंच. मत गुप्त, पण पक्ष मात्र यादीत छापलेला! ती यादी उमेदवारांच्या हाती जाते, प्रचारवाले ती घेऊन दारात येतात. सासरी, शेजारी, ऑफिसात जिला आपलं मत उघड करायचं नाही तिनं काय करायचं?

मिशिगनमध्ये हा प्रश्नच येत नाही. तिथे नोंदणीत पक्ष नसतो; पडद्याआड गेल्यावर कुठल्या पक्षाची प्रायमरी ते आपणच ठरवायचं. आपले बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२२ मध्ये अशाच खुल्या प्रायमरीतून पुढे जाऊन काँग्रेसमध्ये पोचले. नऊ उमेदवारांत त्यांना साधारण २८ टक्के मतं होती, म्हणजे दार उघडलं की बहुमत मिळतंच असंही नाही, बरं का.

लोकांचा कौलही गोंधळाचाच. २०२४ मध्ये आयडाहो, नेवाडा, कोलोरॅडोच्या मतदारांनी प्रायमरी सर्वांना खुली करण्याचे प्रस्ताव फेटाळले. त्यांना पसंतीक्रमाच्या मतदानाची जोडही होती. न्यू मेक्सिकोनं मात्र २०२५ मध्ये कायदा करून अपक्ष मतदारांना आत घेतलं. माझ्या मते निदान एवढं तरी सगळीकडे व्हावं. नोंदलेल्या सदस्यांनी आपल्याच पक्षात राहावं, पण जिचा कुठलाच पक्ष नाही तिला त्या दिवशी एक दार निवडू द्यावं.

पेनसिल्वेनियात मतदानाच्या पंधरा दिवस आधीपर्यंत पक्ष नोंदवता येतो. बहिणीनं तो फॉर्म आणून फ्रीजवर लावून ठेवलाय. परवा फोनवर म्हणाली, ‘अगं, भरणारच आहे. पण यादी घेऊन कुणी दारात आलं तर काय सांगू, ते आधी ठरवते.’